निवडणं

वडील पात्रासच्या शाळेत प्राचीन ग्रीक शिकवायचे
आणि रविवारी मसूर निवडायचे.
चष्मा कपाळावर, ताट मांडीवर,
बोटाने थोडे इकडे, थोडे तिकडे:
"हे आपल्या हातातलं, पोलिक्सेनी.
हे नाही.
दोन हजार वर्षांपूर्वी एका लंगड्या गुलामाला
एवढंच उमगलं, आणि जन्मभर पुरलं."
आई आतून ओरडायची, आधण आटलं,
तुमचं तत्त्वज्ञान शिजायला कधी टाकू?

आता मी वीज कंपनीच्या तक्रार-कक्षात बसते.
कानाला हेडफोन, समोर घड्याळ,
एका माणसाला चार मिनिटं.
दर वाढले, माझ्या हातात नाही.
लाइनमन फिरकला नाही, माझ्या हातात नाही.
माझ्या आवाजातली धार तेवढी माझी,
ती खड्यासारखी उचलून बाजूला ठेवते.
दिवसाला साठ-सत्तर शिव्या पडतात ताटात,
सगळ्या ज्याच्या त्याच्या.
शेजारच्या खुर्चीतला थ्रासिवूलोस विचारतो,
तू संत आहेस की दगड?
मी म्हणते, निवडलेला मसूर.

काल रात्री पावणेनऊला
डोंगरातल्या कुठल्याशा गावातून एक म्हातारा.
ओरडला नाही.
बिल थकलंय, माहीत आहे, म्हणाला,
पेन्शन शुक्रवारी, तुम्ही उद्या तोडणार, तोडा.
फक्त एक विचारायचं होतं.
फ्रीजरमध्ये बायकोने केलेलं सूप आहे, दोन डबे.
ती जाऊन एकोणीस दिवस झाले.
वीज नसताना बर्फ किती तास धरतो?

सिस्टिममध्ये या प्रश्नाला कोड नाही.
मी ताट हलवून पाहिलं.
तो दाणा इकडेही जाईना, तिकडेही.

म्हटलं, दार उघडू नका. वरून घोंगडी टाका, जाड.
घोंगडीचा रंग विचारला, का कोण जाणे.
निळी, म्हणाला,
एका कोपऱ्यात इस्त्रीचा डाग, तिचाच.
मग त्या डागाची गोष्ट.
लाल दिवा लागला. अकरा मिनिटं झाली.
सुपरवायझर काचेआडून बघत होती,
तिचं बघणं तिच्या ढिगात.

बाबा,
कितीही निवडला तरी
एखादा खडा दाताखाली यायचाच.
तुम्ही क्षणभर थांबायचात,
आईकडे बघायचात,
आणि गिळून टाकायचात.
मी बघत असायचे.