तिसऱ्या अल्बमची घरघर

सौनात भांडायचं नसतं.
आमच्या केमीत हे पोरांना
बोलायला यायच्या आधीच कळतं.
म्हणून आम्ही चौघं फळीवर गुमान बसतो.
तापल्या दगडांवर पाणी चुरचुरतं,
योर्मा खाली मान घालून घाम गाळतो,
आणि नुसत्या पाठीवरून मला समजतं
की तो मनातल्या मनात
पहिल्या अल्बमची बाजू मांडतोय.

मग दार उघडतं.
बाहेर उणे एकवीस.
टॉवेल गुंडाळून, अंगाच्या वाफा काढत
आम्ही पायरीवर येतो
आणि कोंडलेलं सगळं
एकदम उतू जातं.

“आर्मास लुओमालानं बँड सोडला
आणि रागारागात पहिला अल्बम काढला,
तेवढंच काय ते खरं.
पुढं नुसती राख चिवडली त्यानं.”
योर्मा कागदाच्या गिरणीत एकतीस वर्षं होता.
गिरणी गेली, मत गेलं नाही.

पेंट्टीला दुसरा हवा.
दुसऱ्यात व्हायोलिनं आहेत, मागं एक बाई गाते,
आणि एक गाणं असं आहे
ज्यावर पेंट्टी आपल्या लग्नात नाचला.
लग्न चार वर्षं टिकलं.
“त्यात व्हायोलिनांचा काय दोष?” म्हणतो,
आणि सॉसेजवर मोहरी पिळत राहतो
लागते त्याहून जास्त.

मी तिसऱ्याचा.
एक माइक, एक गिटार, बसलेला आवाज,
आणि गाण्यांच्या खाली कुठंतरी
खर्जात चाललेली ती घरघर,
येते, थांबते, पुन्हा येते.
ती म्हणजे रात्रपाळीची गिरणी,
खाडीपलीकडून ऐकलेली:
हे मी वीस वर्षं सांगत आलोय.
गावच्या वर्तमानपत्राला दोन पानी पत्रही लिहिलं होतं.
त्यांनी अर्धंच छापलं.

“टेप खराब होती,” योर्मा.
“तुझे कान खराब आहेत,” मी.
“त्याचं वय झालं होतं,” पेंट्टी.
“बेचाळिसाव्या वर्षी?”
आमची तोंडं अशी वाफाळलेली
की कोण कुणावर ओरडतंय ते दिसेना.

सिर्का तोवर काही बोलली नव्हती.
ती बोलतच नाही फारसं.
केसांतला बर्फ मोडत म्हणाली,
“तो फ्रीज होता.”

मग, आम्ही गप्पच आहोत असं बघून:
“माझा. जुना.
त्या हिवाळ्यात तो आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा.
दूध खिडकीत ठेवायचा, दूध गोठायचं.
मला बघवेना, दिला.
मी म्हटलं, अरे, गाताना प्लग काढत जा.
म्हणाला, काढला की लावायला विसरतो.
एकदा अख्खा मासा नासला होता त्याचा.”

माझी गिरणी वीस वर्षांनी दुसऱ्यांदा बंद पडली,
ती अशी, पायरीवर, अनवाणी.

योर्मा हसला नाही. हे मी विसरणार नाही.
पेंट्टीनं मात्र विचारलं,
“कुठल्या सुरात घरघरायचा?”
सिर्कानं डोळे मिटले,
हनुवटी जराशी खाली घेतली
आणि लावला.
लांब, सपाट, किंचित थरथरता.
खाडीवरच्या बर्फाला कुठंतरी तडा गेला,
तेव्हा थांबली.
“बारा मिनिटांनी परत,” म्हणाली.

बोटं काळीनिळी व्हायला लागली तसे आत गेलो.
फळीवर आपापल्या जागा.
कुणी बोललं नाही. नियमच आहे.
मी तिसऱ्या अल्बममधल्या गाण्यांच्या मधल्या जागा आठवत होतो,
आता तिथं दूध दिसत होतं, लोणी,
आणि प्लगकडे न बघणारा एक माणूस.

बऱ्याच वेळानं योर्मानं पळी उचलली.
“चौथं गाणं तेवढं...” एवढंच म्हणाला,
आणि बाकीचं त्यानं
पाण्याबरोबर दगडांवर ओतून टाकलं.