पाय कुठे होता?

बाप सिनेमाला आला, एकदाचा.
कुताइसीतलं थिएटर, रविवारची दुपार,
मांडीवर सूर्यफुलाच्या बियांची पुडी
आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे दोन कान,
चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या खांद्यांना घासून झालेले.

पडद्यावर निळ्या अंगरख्यातल्या माणसाने
माणसांनी भरलेली बस एका हाताने उचलली.
नुत्सा, माझी पोर, नऊ वर्षांची,
खुर्चीवर उभीच राहिली.
बापाने बी फोडली, टरफल मुठीत ठेवलं.
"पाय कुठे होता त्याचा?"
बाबा, तो हवेत आहे.
"तेच विचारतोय."

बारा टन वर जायचे
तर बारा टन खालीही जायला हवेत,
रस्त्याने निदान कुरकुर तरी करायला हवी.
रस्ता गप्प. बापाला ते खोटं वाटलं.
उडण्याचं त्याला काही नव्हतं,
उडू दे म्हणाला, पाखरंही उडतात.

मग नव्वदाव्या मजल्यावरून बाई पडली
आणि निळ्याने तिला वरच्यावर झेलली,
हात ताठ, पोलादी.
टाळ्या.
"मेली बिचारी," बाप पुटपुटला.
असे हात म्हणजे
दोन मजले वर आलेली फरशीच.
कुणाला झेलायचं तर
आपणही थोडं पडावं लागतं, तिच्यासोबत.

मी त्याला सांगितलं नाही
की पुढे भिंत फोडून जाणारा तो निळा,
अकरा सेकंद, पाठमोरा,
तो मी आहे.
बुडापेस्टबाहेरची शेड, फेब्रुवारी,
कमरेला तार, तार ओढणारे चौघे,
त्यातला एक सारखा शिंकणारा.
चौदा वेळा भिंत फुटली.
भिंत फोमची होती. बरगडी माझी.
नट तंबूत सूप पीत होता, भला माणूस,
मलाही विचारलं त्याने, घेणार का.

लहानपणी या बापाने
सहा महिने एक डाव शिकवला नाही.
फक्त पडायला लावलं, भुशावर, रोज.
हनुवटी छातीला,
आणि जमिनीने मारायच्या आत
आपण तळहाताने जमिनीला मारायचं.
ज्याला अस्मान दाखवायचं
त्याच्यासोबत आपला गुडघाही मातीत जातो,
हे तो बोलला नव्हता. गुडघ्याने सांगितलं.

त्याची स्वतःची एकच गोष्ट गावात अजून चालते.
जत्रा, ढोल, सनईसारखं ते कर्कश वाद्य,
आणि झेस्टाफोनीचा खाटीक गोचा, एकशेतीस किलो.
गोचा अंगावर आला आणि बाप
जिथे असायला हवा होता तिथे नव्हता.
बस्स. दीड सेकंद.
गोचाने ढग पाहिले.
लोक म्हणतात, नुगझारने त्याला फुलासारखा उचलला.
आई म्हणायची, तीन दिवस
मी त्याच्या बुटांच्या नाड्या बांधत होते.

निळ्याच्या बुटांना नाड्याच नव्हत्या.
दम लागला नाही, ओठ सुजला नाही,
मुठीतलं एक बारीक हाड मोडलं नाही,
खरं तर पहिल्याच ठोशाला मोडतं ते.
सगळं शहर पडलं, तो तेवढा कधी पडला नाही.
मला त्याची थोडी कीव आली,
अस्मानात राहतो आणि
अस्मान कुणी दाखवलं नाही त्याला.

बाहेर पायऱ्यांवर बर्फ वितळून परत गोठलेलं.
नुत्सा हात पसरून तीन पायऱ्या उडाली,
नीट उतरली.
बाप तिच्याकडे बघत राहिला आणि
घसरला.
एकाहत्तर वर्षांचा बाप,
हनुवटी छातीला, तळहाताचा फाट्कन आवाज,
बिया सगळ्या पायऱ्यांवर.
क्षणभर कुणी हललं नाही.
तो पाठीवर, वर बघत, हसत.
नुत्सा वाकली:
"आजोबा, पाय कुठे होता?"

मी त्याच्या काखेत हात घातले.
ब्याऐंशी किलो, ओला कोट धरून.
आत ती बरगडी बोलली.
त्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही,
खाली पाहिलं, बर्फाकडे,
आणि म्हणाला,
"डावा जरा मागे घे."