उणे भाव

मकरपुऱ्याच्या आवारात, कडुनिंबाखाली,
श्रावणापासून पडून आहे हाम्बुर्गची पेटी.
आत नऊ टनांचा ट्रान्सफॉर्मर.
त्याचं तांबं मी गुंडाळलं,
वेढे मोजत, मधे कागद लावत,
एकदाही आकडा न चुकता.

शिर्केसाहेब सांगतात, तिकडे लिलाव झाला,
समुद्रातल्या पवनचक्क्यांचा,
आणि बोलीच लागली नाही.
सरकार हमीभाव देईना,
हमीशिवाय कंपनी येईना.
हमीभाव? मला वाटायचं तो कापसालाच असतो.

चहा फुंकत आणखी एक सांगितलं त्यांनी:
मध्ये एका रविवारी तिकडे ऊन होतं, वाराही होता,
कारखाने बंद,
तर दुपारी दोन तास विजेचा भाव शून्याखाली.
वीज न्या, वर पैसेही न्या.
कोकिळाबेननी कात्री खाली ठेवली,
“तो अहीं मोकलो ने!”
त्यांचं या खेपेचं बिल एकवीसशे चाळीस.

काल उत्तरायण.
सकाळभर वारा पडलेला,
अख्खं बडोदं गच्चीवर, माना वर करून.
माझा धाकटा थुंकी लावून बोट धरायचा,
पुन्हा पुसायचा.
साडेतीनला आला एकदाचा.

आज येऊन बघते तर
पेटीच्या खिळ्याला एक कटलेला पतंग,
हिरवा, शेपटी फाटलेली.
वॉचमन काढायला निघाला. म्हटलं, राहू दे.
निदान वाऱ्यानं तरी पत्ता वाचलाय.

पुढचा लिलाव जूनमध्ये, म्हणतात.
ताडपत्रीची दोरी सैल झाली होती,
तेवढी आवळली.