चौदा पावलं

आईचा फोन मी अजून चालू ठेवलाय.
काल कोल्हापूरहून कुणी विचारत होतं,
"केळुसकरबाई? समुद्र दिसेल अशी जागा आहे का, वीस गुंठ्यांपर्यंत?"
मी म्हटलं, आहे.
मग म्हटलं, बाई नाहीत.
पलीकडे जरा शांतता.
"अरेरे. मग आता कोण बघतं?"

बघत होती ती.
निवतीच्या सड्यापासून आरवलीच्या मळ्यापर्यंत
कुठल्या बांधावरून कोण कुणाशी बोलत नाही, तेसुद्धा.
बाबा गेले तेव्हा मी सातवीत.
शिलाईचं मशीन विकून तिने जुनी स्कूटी घेतली
आणि वेंगुर्ल्याच्या बाजारात बोर्ड लावला:
'जागा दाखवून मिळतील. हेमलता केळुसकर.'
दलाल हा शब्द तिला नको होता,
त्याचं स्त्रीलिंग बरं होत नाही म्हणायची.
पेंटरने आपल्या मनाने कोपऱ्यात एक माड काढला, वाकडा,
वर त्याचे पन्नास रुपये मागितले.
तिने दिले नाहीत. माड राहिला.

गुंठ्याची बाजू तेहतीस फूट,
म्हणजे तिची चौदा पावलं.
निऱ्या जरा वर धरून, ओठांतल्या ओठांत मोजत
ती करवंदीच्या जाळीतून थेट हद्दीच्या दगडावर निघायची.
सरकारी मोजणीत हातभर फरक आलाच
तर चूक सरकारची.

गिऱ्हाइकाला आधी विहिरीवर न्यायची.
"पाणी चाखा. मगे जागो बघा.
मे महिन्यात ही बाव आटता, आधीच सांगतंय,
मगे माझ्या नावान बोटां मोडू नकात."
अशाने व्यवहार मोडायचे.
जमायचे तेही अशानेच.

एका सातबाऱ्यावर सत्तावीस नावं होती.
एक सही वसईत, एक बडोद्यात,
आणि एक अंगठा बेळगावच्या रेणुकाबाईंचा,
ज्या चाळीस वर्षं माहेरी आल्या नव्हत्या.
शाईत बोट बुडवण्याआधी त्यांनी विचारलं,
"परड्यातलो फणस आसा?"
आईने साठेखतात एक ओळ वाढवली:
दरसाल दोन फणस, रेणुका यांस, तहहयात.
वकील हसला. घेणारा हसला नाही, त्याने पाळलं.
रेणुकाबाई गेल्यावरही फणस येत राहिले,
आता आमच्या दारात.

आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत.
आमच्या खिडकीतून बर्फाच्या फॅक्टरीची भिंत दिसायची.
एकदा चिडून म्हटलं, सगळ्या जगाला समुद्र विकलास.
भाकरी उलटत म्हणाली,
"भाड्याच्या खोलयेसाठी वारस भांडणत नाय."

एका व्यवहाराबद्दल मात्र ती कधी बोलली नाही.
खवण्याच्या वाटेवरचा तो सडा,
पावसानंतर जिथे इवली निळी फुलं यायची,
तिथे आता पत्र्याचं कुंपण, आत कुत्रे, कॅमेरे.
त्याच दलालीतून माझी कॉलेजची फी भरली होती,
हे मला डायरी वाचताना कळलं.
त्या रस्त्याने ती पुन्हा गेली नाही.
पेट्रोल महागलं तरी चार किलोमीटरचा वळसा.

शेवटी कुडाळच्या हॉस्पिटलात
सलाईनचा स्टँड ढकलत तिने खोली मोजली.
सात पावलं आडवी, सात उभी.
"पाव गुंठो," म्हणाली. "पुरे."
नर्सला वाटलं भ्रमात आहे.
मला हिशेब कळला, आणि मी बाहेर जाऊन उभी राहिले.

डायरीत शेवटची नोंद: वायंगणी, वीस गुंठे, विहीर बघणे.
आज सकाळी स्कूटी घेऊन गेले.
कळशी सोडली, ओंजळभर पाणी प्यायले.
गोड होतं, मागून थोडी लोखंडाची चव,
हे कोल्हापूरवाल्यांना सांगावं लागेल.
मग हद्दीच्या दगडापासून चालत निघाले,
तिच्या खुणेच्या काजूपर्यंत, एक गुंठा.
पंधरा झाली.
परत गेले, पावलं लांब टाकली,
पुन्हा मोजली.
पंधरा.