चौकटीची वही

अब्दुल रहमान स्ट्रीटवरचा दुकानदार विचारतो,
"मुलगा कितवीत?"
चौकटीची वही मागितली ना मी,
बेरीज-वजाबाकीची,
एका घरात एकच आकडा मावेल अशी.
म्हटलं, "मीच. पहिलीत."
तो चष्म्यावरून बघतो
आणि गुपचूप डझनाचा भाव लावतो.

घर दहा मिलिमीटरचं हवं.
आठात कांजीचं पोट फुटतं,
बारात ती
हॉलवर फार लवकर पोचलेल्या पाहुण्यासारखी
एकटीच बसून राहते.
मोजायला पट्टी नेली होती खिशातून,
स्टीलची, सहा इंची,
टोकाला जलखात्याचा नंबर कोरलेली.
रिटायर होताना परत करायची राहिलीच.

मग पेनं.
शून्य पूर्णांक अडतीस कागदाला ओरबाडतं.
शून्य सात वळणावर शाईची ढेकर देतं.
ब्रशपेन चारशे ऐंशी.
टोपण काढून नुसता वास घेतला, ठेवून दिलं.
शेवटी टू-बी पेन्सिली आणि एक खोडरबर,
पांढरं, कुठलाही सुगंध नसलेलं.

सुनेनं मोबाइलवर अ‍ॅप टाकून दिलंय.
बोटानं गिरवायचं, चुकलं की ते थरथरतं.
पण काचेवर माझं अक्षर लागत नाही.
काच हाताला धरत नाही,
कागद थोडा तरी धरतो.

कार्डं घरीच केली, लग्नपत्रिका कापून.
तेवीस वर्षांच्या पत्रिका, हिनं जपलेल्या.
कोपऱ्याला भोक, भोकात पडद्याची रिंग.
एका अंगाला 'चि. सौ. कां. वृं'
(पुढचं कात्रीत गेलं)
आणि पाठीवर पाणी. मिझु. चार फटकारे.
पाण्याखेरीज दुसरं काय आधी शिकणार मी?
व्हॉल्व्हला मात्र त्यांच्याकडेही आपला शब्द नाही,
बारुबु म्हणतात,
आमचा फिटर मारुती म्हणायचा 'वाल', तसंच.

"जपानला जाणार का?" सगळे विचारतात.
नाही हो.
अठ्ठावीस वर्षं ट्रेसिंग पेपरवर
भांडुपपासून कुलाब्यापर्यंतच्या पाइपलाइनी काढल्या,
श्वास रोखून, एकेक रेघ.
मग कॉम्प्युटर आले,
आणि हात उरला तो सह्या करायला.
लोक भाषेसाठी पेन घेतात.
मी रेघेसाठी भाषा घेतली,
हे नाडगौडा सेन्सेईंना अजून सांगितलेलं नाही.

त्या सव्वीस वर्षांच्या. गिरगावात, दवाखान्याच्या वरच्या खोलीत
शनिवारी चार ते सहा.
त्सु म्हणताना वर्गातला पांडे घामाघूम होतो.
मला तो आयता मिळालाय,
चुलीतला, चुन्यातला, चुकीतला च.
तेवढ्यावर महिनाभर मान ताठ ठेवून होतो.

काल वही परत आली.
पानभर लाल गोल.
एकेका घराभोवती, एकही न सोडता.

आमच्या नकाशावर लाल गोल म्हणजे गळती.
इथे खोदा. इथे रात्री माणसं पाठवा.
लालबागचा एक गोल तर
अकरा दिवस टेबलावरून हलला नव्हता.
मी पान बघत राहिलो
आणि कानात बारीक, जमिनीखालून
पाणी वाया जात असल्याचा आवाज.

वर्ग सुटल्यावर विचारलं,
"सेन्सेई, एकही बरोबर नाही?"
त्या हसल्या नाहीत, म्हणून जास्त आवडल्या.
"काका, त्यांच्याकडे गोल म्हणजे बरोबर.
मारू.
चुकलं की टिक करतात."

जिना उतरताना पायऱ्या मोजल्या,
इचि, नि, सान,
सातव्यावर अडकलो, तिथेच थांबलो.
खाली पानवाल्याच्या नळाला थेंब गळत होता.
जाताना घट्ट पिळून बंद केला.

घरी वही उघडली.
एका घरात, उजवीकडे खाली,
बारीकशी टिक होती.
आधी दिसली नव्हती.
फटकाऱ्यांचा क्रम चुकलेला.
पेन्सिलीला टोक केलं.