गादीचे ठसे

आत्या गेली, तिची गादी कुणी नेली नाही.
इतोकू बाजारातला भंगारवालाही म्हणाला,
निळी आहे गं, कोण घेईल?
होतीच निळी.
जिथे तिचे हात झोपायचे तिथे जरा जास्त.

सिदिकात आत्या.
अबेओकुटाच्या त्या उतरणीवर
तिच्या रांजणाशेजारी भांडायला बंदी होती.
नीळ रुसते, म्हणायची.
आम्ही गल्लीत जाऊन भांडायचो
आणि परत येऊन निमूट गाठी मारायचो:
वाल, खडे, एकदा तर माझा पडलेला दात
कापडाच्या चिमटीत धरून
ताडाच्या पातीनं आवळलेला.
सोडल्यावर ज्याचं त्याचं वेगळं चांदणं.
दाताचं जरा वाकडं आलं.
ते कापड तिनं जपून ठेवलं
असं सांगायला आवडलं असतं.
विकलं. नेहमीच्याच दरानं.

फोमच्या ठशांवर मात्र तिचा राग.
"आळशाचं बोट," म्हणायची.
सगळा बाजार गरम मेणात फोम बुडवून
तासाला वीस वार छापत सुटलेला,
आणि ही एका गाठीवर नख रोवून बसलेली.

तर मंगळवारी, दारं लोटून,
मी तिच्या गादीला ब्लेड लावलं.

पहिला ठसा माशाचा.
कडेचा फोम, भुसभुशीत, मेण ढसाढसा प्यायला,
कापडावर मासा नाही, त्याचं डबकं उमटलं.
मग पाल. पालीची शेपूट कढईतच राहिली.
तिसरा, चौथा,
सांगण्यासारखं काही नाही.

मग मधला भाग कापला,
जिथे तिची पाठ एकोणीस वर्षं टेकली होती.
दबून दबून चामड्यासारखा झालेला.
मेण बेतानं घेतो,
बेतानंच देतो.
रेघ आली.
तिच्या गाठींच्या कडेला यायची
तशीच, केसाएवढी.

थांबायला वेळ नव्हता, मेण थिजत होतं.
दुपारपर्यंत सहा वार.

रांजणातून काढलं तेव्हा हिरवं होतं,
हिरवंच निघतं नेहमी.
हरमटानच्या कोरड्या वाऱ्यात, दोरीवर
सावकाश निळं होत गेलं,
एखाद्याला उशिरा काही आठवावं तसं.
उकळत्या पाण्यात मेण सुटलं,
आणि सहा वार पाली
पांढऱ्या, शेपटीसकट.

संध्याकाळी बोलातितो आली, घाऊक घेणारी.
कापड चाचपलं, उलटं करून पाहिलं,
दिव्याजवळ नेलं.
"गाठीचं की छापाचं?"
"आळशाचं बोट," मी म्हटलं.
तिला काही कळलं नाही.
दर पाडून मागितला,
मी दिला नाही.

मधला एक तुकडा अजून उरलाय, वीतभर.
त्यावर काय कोरावं ते ठरत नाही.
रोज ब्लेड हातात घेते,
आणि त्याच्या कडा तेवढ्या
सरळ करून ठेवते.