गिऱ्हाईक

गुरामनं बॉनेट आपटून मिटलं.
"गिअरबॉक्सच्या पैशात दुसरी निवा येईल," म्हणाला,
आणि हात पुसले
माझ्याच जुन्या शर्टाच्या चिंधीला.

मग झेस्टाफोनीहून गिऱ्हाईक आलं.
टायरला लाथ मारली, दाराखालचा गंज नखानं खरवडला,
मागच्या सीटवरचा काळ्या द्राक्षांचा डाग पाहून नाक मुरडलं.
तो डाग एतेरीच्या लग्नाच्या साली पडला.
रिकोटीच्या घाटातून एका रात्रीत तीन खेपा केल्या हिनं,
तेव्हापासूनच एक दिवा गेलेला.

मी लारी मोजून घ्यायला हात पुढे केला होता.
त्सियाला उंबऱ्याशी अक्रोड सोलत. बोटं काळीशार.

त्यानं किल्ली फिरवली. पुन्हा फिरवली.
नुसती खाकरली.
डॅशबोर्डवर, घड्याळाच्या जरा डावीकडे
मुठीनं गुद्दा घालावा लागतो,
हे तिला ठाऊक, मला ठाऊक.
मी तिच्याकडे पाहिलं.
तिनं पुढचा अक्रोड घेतला.

"मेलीय ही," म्हणत नोटा खिशात कोंबून
तो बसनं परत गेला.

अंधार पडल्यावर आवारात आवाज झाला:
ठक्.
आणि एका डोळ्यानं
सगळी भिंत उजळली.

मी गुरामचा नंबर शोधू लागलो.
चष्मा सापडेना.